चित्रात आई कुठे आहे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी रायगड किनाऱ्यावरच्या एका शाळेत आमच्या गटाने आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं. शाळेत चार संगणक होते, त्यातले तीन चालू. एका शिक्षिकेने आपल्या फोनवरून इंटरनेट जोडून दिलं. विषय होता ‘आमचं बंदर’. हल्ली इंटरनेटवर तयार चित्रं, अक्षरं, चौकटी घेऊन भित्तिपत्रक करता येतं, तसं प्रत्येक गटाने एकेक करायचं ठरलं.

एका मुलाने शोधाच्या चौकोनात ‘मच्छीमार’ शब्द टाकला. पडद्यावर ओळीने चित्रं आली. गवती टोपी घातलेला, हातात गळाची काठी धरलेला एक गोरा माणूस, शेजारी बादली. दुसऱ्या चित्रात तोच, फक्त शर्टाचा रंग वेगळा. तिसऱ्यात तळ्याकाठी झाडाला टेकून बसलेला. वर्गात हशा पिकला. मागून एक मुलगी म्हणाली, “ताई, याला काही कामधंदा नाही का?” दुसरीने विचारलं, “यात आई कुठे आहे?”

प्रश्न साधा होता. पण त्या प्रश्नापाशी आमचं शिबिर थांबलं, आणि हा लेखही तिथूनच सुरू होतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको की होडी बंदराला लागली की पुढचं सगळं काम बायकांचं असतं. मासळी निवडायची, बर्फात घालायची, लिलावात भाव करायचा, पाटी डोक्यावर घेऊन एसटी किंवा टमटम पकडायची, बाजारात दिवसभर बसायचं. बोंबील काठ्यांवर वाळत घालायचे, जवळा उन्हात पसरायचा, पावसाचा थेंब पडला की धावत जाऊन गोळा करायचा. म्हणजे मासे पकडले पुरुषांनी आणि त्यांचे पैसे केले बायकांनी. तरीही ‘मच्छीमार’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. हे संगणकाने शिकवलेलं नाही, ते आपल्या डोक्यात आधीपासून होतं. संगणकाने फक्त ते रंगीत करून, चकचकीत करून परत आपल्याच हातात दिलं.

ज्या मैत्रिणींचा या साधनांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘कॅनव्हा’ हे यातलं बहुधा सर्वांत जास्त वापरलं जाणारं. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक बाई आहे, मेलनी पर्किन्स. कॉलेजात असताना ती इतर विद्यार्थ्यांना चित्ररचनेचे संगणक कार्यक्रम शिकवत असे. ते शिकायला फार वेळ जातो, हे सगळं सोपं का नसावं, या विचारातून तिने आधी शाळांची वार्षिक अंकं मुलांनाच करता येतील असं साधन काढलं. म्हणजे या प्रकाराचं मूळ वर्गातलंच आहे. आज शाळेच्या शिक्षकांना ते मोफत मिळतं. ज्याला चित्र काढता येत नाही तोही अर्ध्या तासात नीटनेटकं भित्तिपत्रक करू शकतो. ‘मला चित्र येत नाही’ म्हणून जी मुलं चित्रकलेच्या तासाला मान खाली घालून बसतात, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

परंतु तयार मिळणाऱ्या वस्तूबरोबर ती तयार करणाऱ्याची नजरही येते. घर म्हटलं की उतरत्या छपराचं, धुराड्याचं घर. कुटुंब म्हटलं की आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. ‘भारतीय स्त्री’ म्हटलं की दागिन्यांनी मढलेली, हात जोडून उभी. पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण, पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणारी अलिबागची बाई, पेणच्या कारखान्यात गणपती रंगवणारी कामगार, दिवाळीनंतर कुटुंबाबरोबर वीटभट्टीवर जाणारी कातकरी मुलगी यांच्यापैकी कुणालाही आम्हाला त्या दोन दिवसांत तिथे शोधता आलं नाही.

हा प्रश्न स्त्रीचळवळीला नवा नाही. १९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालापासून आपण पाठ्यपुस्तकांकडे बोट दाखवत आलो. ‘कमल नमन कर, छगन कमल बघ’ छापाच्या वाक्यांत आणि त्यांच्या शेजारच्या चित्रांत मुलगी काय करते, मुलगा काय करतो, आई कुठे उभी असते, हे आपण शिबिरांतून मोजायला शिकवलं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पुस्तकांतून स्त्री-समानतेची मूल्यं रुजवण्याची भाषा आली. आणि उशिरा का होईना, फरक पडला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दिसले, डॉक्टर बाई दिसली. काहींनी त्यावर थट्टा केली, पण त्या वर्षी दुसरीत बसलेल्या मुलांनी ते चित्र पाहिलं आणि त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसेल, यातच त्याचं यश आहे.

पाठ्यपुस्तकाचं एक बरं असतं. ते कुणी लिहिलं, कुणी चित्रं काढली, कुणी मंजूर केलं, हे पहिल्या पानांवर छापलेलं असतं. बालभारतीला पुण्याचा पत्ता आहे. तिथे पत्र पाठवता येतं, मोर्चा नेता येतो. या नव्या चित्रांना पत्ता नाही. ती कुणी काढली, पैसे किती मिळाले, कुणी ठरवलं की ‘मच्छीमार’ला आधी हेच दाखवायचं, यातलं काहीच मुलांना दिसत नाही. आणि आता तर चित्रकारही मधून गेला. आपण वाक्य लिहायचं आणि यंत्राने चित्र करून द्यायचं, असं सुरू झालं आहे. ही यंत्रं कोट्यवधी जुनी चित्रं पाहून शिकतात, म्हणून जुने पूर्वग्रहही शिकतात. २०२३ साली ‘ब्लूमबर्ग’ने अशा एका यंत्राकडून हजारो चित्रं करून घेऊन तपासली. ‘न्यायाधीश’ म्हणून आलेल्या चित्रांत बायका जेमतेम ३ टक्के होत्या; अमेरिकेत प्रत्यक्षात न्यायाधीशांपैकी ३४ टक्के बायका आहेत. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोने मजकूर लिहिणाऱ्या यंत्रांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या एका यंत्राच्या लिखाणात बायका घरकामाच्या भूमिकेत पुरुषांच्या चौपट वेळा आढळल्या. म्हणजे समाजात बाईने जेवढी मजल मारली आहे, तेवढीसुद्धा या आरशात दिसत नाही. आरसा समाजाच्याही मागे आहे.

आता दुसरा मुद्दा. चित्र कुणाचं, याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते माऊस कुणाच्या हातात, हे. आमच्या शिबिरात मुलंमुली मिसळून गट केले होते. अर्ध्या तासात आमच्या लक्षात आलं की तिन्ही संगणकांपुढच्या खुर्च्यांवर मुलगे आहेत. मुली मागे उभ्या राहून सांगत होत्या, “तो रंग घे, हे खाली सरकव.” एका गटात तर मुलीकडे वही होती आणि तिचं अक्षर चांगलं म्हणून मजकूर आधी कागदावर लिहून द्यायचं काम तिच्याकडे होतं. कुणी कुणाला ढकललं नव्हतं, भांडण झालं नव्हतं. ज्याला सवय तो बसला, एवढंच.

पण सवय कुठून येते? २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलामुलींना विचारलं होतं की फोन स्वतःचा आहे का. मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. मोठ्या माणसांचं चित्र वेगळं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते, बायका ३३.३ टक्के. घरात फोन आहे म्हणजे तो मुलीच्या हातात आहे असं नाही. तो आधी बाबांचा, मग दादाचा, आणि भांडी झाल्यावर उरला तर तिचा.

आपल्या किनाऱ्याने हे एकदा फार कठोरपणे अनुभवलं. कोविडमुळे शाळा बंद होत्या, सगळीकडे ऑनलाइन शिक्षणाची चर्चा चालू होती, आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, अलिबाग भागांत छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या. कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. फोन चार्ज करायला जिथे सोय नाही तिथे ऑनलाइन शाळा कसली? त्या दिवसांत वाडी साफ करायला, पाणी भरायला, पत्रे उचलायला जे हात लागले त्यात मुलींचे हात होतेच. म्हणून कुणी ‘डिजिटल वर्ग’ म्हणून टाळ्या वाजवल्या की मला आधी विचारावंसं वाटतं, वीज कुठे आहे, आणि वीज असेल तर पुढे कोण बसलंय?

आमच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी आम्ही नियम केला. सकाळचा पहिला तास संगणकावर फक्त मुली. मुलगे कागदावर काम करतील. थोडी कुरकुर झाली. पण तासाभरात ज्या मुली “आम्हाला नाही येत” म्हणत होत्या त्यांनी अक्षरं लहानमोठी करणं, चित्र कापणं, रंग बदलणं आपापसांत विचारून शिकून घेतलं. राखीव जागेला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा हा तास पाहावा.

तिसरा मुद्दा भीतीचा, आणि तो मला सगळ्यांत कठीण वाटतो. शिबिरासाठी पालकांची सभा घेतली तेव्हा एका आईने उभं राहून सांगितलं, “शिकवा सगळं, पण पोरीचा फोटो कुठे टाकू नका.” पाहिलं तर तिचं म्हणणं रास्त होतं. आमच्याच ओळखीतल्या एका गावात एका मुलीने आपल्या नृत्याच्या कार्यक्रमाचं पत्रक केलं होतं, त्यावर स्वतःचा फोटो. कुणीतरी तो कापून त्याखाली घाणेरडी ओळ लिहून गावभर फिरवला. ज्याने केलं त्याचा शोध कुणी फारसा घेतला नाही. मुलीचा फोन मात्र त्याच रात्री काढून घेतला, नृत्य बंद झालं आणि शाळेतही महिनाभर कुणीतरी सोबत जाऊ लागलं. गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला. ही रीत आपण सगळ्याजणी फार जवळून ओळखतो. रस्त्यावर छेड काढली तर मुलीने रस्ता सोडायचा, इंटरनेटवर छेड काढली तर मुलीने इंटरनेट सोडायचं.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवेत. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तीही हवीच. पण मला त्यात एक गोष्ट सलते. संमती पालकांची. मुलीला कुणी विचारायचं? फोटो तिचा आहे. म्हणून आम्ही शिबिरात दोन नियम केले. एक, कुणाचाही चेहरा पडद्यावर जाणार नाही. हात चालतील, पाठ चालेल, पाटी, जाळं, कोयती, चूल चालेल. दोन, ज्याचा हात आहे त्याला विचारूनच फोटो काढायचा, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबायचं, मग ती आपली आजी का असेना. दुसरा नियम मुलग्यांना शिकवणं हे मला संगणक शिकवण्याहून मोठं वाटलं. नाही म्हणजे नाही, हे आठवीत एका फोटोच्या निमित्ताने कळलं तर पुढे कितीतरी ठिकाणी उपयोगी पडेल.

आमच्या काही जुन्या मैत्रिणी या सगळ्यावर विचारतात, एवढा खटाटोप कशाला? आपण ऐंशीच्या दशकात जुन्या साड्यांवर, कार्डशीटवर, वर्तमानपत्राच्या पाठीमागे भित्तिपत्रकं केली. रंगाचे डबे आणि कुंचले घेऊन रात्र जागवली. त्यात जो जिवंतपणा होता तो या तयार चौकटींत कुठला? शिवाय मुलांना आधीच पडद्याचं वेड, त्यात शाळेनेही भर घालायची? आणि आपल्या मुलांची मेहनत परदेशी कंपनीच्या भांडारात का जमा करायची?

हे आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. अर्धे मला मान्य आहेत. म्हणूनच माझं म्हणणं आहे की आधी कागद, मग पडदा. आधी मुलांनी बंदरावर जावं, पाहावं, विचारावं, हाताने काढावं, आणि त्यानंतर ते चित्र संगणकावर न्यावं. उलट क्रमाने गेलं की गवती टोपीवाला येतो. इंटरनेटशिवाय चालणारे ‘टक्स पेंट’सारखे मोफत कार्यक्रमही आहेत, वीज असली की पुरे. पण पडदा नकोच, हे मात्र मला मान्य नाही. उद्या पंचायतीची नोटीस, बचत गटाच्या मालाची जाहिरात, पर्यटकांसाठी घरगुती खानावळीचा फलक, निवडणुकीचं पत्रक हे सगळं याच साधनांवर होणार आहे, आजच होतंय. ते करणारे हात कुणाचे असतील? लेखणी बाईच्या हातात नको म्हणणाऱ्यांशी आपल्या आज्या-पणज्या भांडल्या. मग चित्राचं यंत्र आपण आपल्या हाताने दूर का ठेवायचं?

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, कारण नुसती टीका करून भागत नाही. आपल्या शिबिरांतला जुना ‘दिवसाचं घड्याळ’ हा खेळ आठवतोय ना? मुलामुलींनी घरी जाऊन आईचे आणि बाबांचे चोवीस तास विचारून आणले आणि संगणकावर दोन वर्तुळं रंगवली. झोप निळी, कमाईचं काम पिवळं, घरकाम लाल. आईच्या वर्तुळात लाल आणि पिवळा एकमेकांत असे मिसळले होते की मुलं गोंधळली. बोंबील वाळत घालताना भात चुलीवर असतो, मग तो तास कोणत्या रंगाचा? मग आम्ही त्यांना सरकारी आकडे दाखवले. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे २८९ मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषाचीही नऊ! एका मुलीने वजाबाकी करून सांगितलं, “म्हणजे फरक तेवढाच राहिला.” नेमका एक मिनिटाचा फरक पडला होता. असं गणित पुस्तकातून शिकवता आलं नसतं.

आणि एक गोष्ट मुलग्यांकडून आली. एकजण म्हणाला, “माझे बाबा बोटीवर स्वयंपाक करतात.” आठ-आठ दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटीवर बाई नसते, जेवण पुरुषच रांधतात, आणि चांगलं रांधतात. “मग घरी?” असं विचारल्यावर तो हसला. पण त्याने भित्तिपत्रकावर बोटीतली चूल आणि कालवण ढवळणारा हात काढला, आणि खाली लिहिलं, ‘बाबांना येतं.’ त्या दोन शब्दांत सगळं शिबिर होतं, असं मला वाटतं.

एका मुलींच्या गटाने गावाचा नकाशा केला. कुठल्या खांबावर दिवा नाही, मासळी बाजारात बायकांना बसायला सावली कुठे नाही, मुतारी कुठे नाही, संध्याकाळी कुठल्या वळणावर मुली धावत जातात, हे लाल ठिपक्यांनी दाखवलं. तो नकाशा छापून त्यांनी ग्रामसभेत लावला. एरवी “बायकांनी काय बोलायचं” म्हणणारे लोक नकाशापुढे उभे राहून ठिपके मोजत होते. दिवे अजून लागलेले नाहीत. पण आता ते मागणाऱ्या मुली आहेत, आणि त्यांच्याकडे कागद आहे.

तेव्हा शाळांकडे आणि शिक्षण खात्याकडे आपली मागणी स्पष्ट असावी. संगणकाच्या खोलीत मुलींचा राखीव तास हवा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात बटणं कशी दाबायची याबरोबर तयार चित्राला प्रश्न कसे विचारायचे हेही हवं. मुलींचे चेहरे शाळेच्या जाहिरातीसाठी वापरणं बंद व्हावं. बालभारतीकडे वर्षानुवर्षांची चित्रं आहेत, ती सर्व शाळांना मोकळेपणाने वापरता येतील असं भांडार व्हावं, आणि त्यात कोळीण, कातकरीण, मिठागरावरची कामगार, वाडी शिंपणारी बाई, सगळ्या असाव्यात. आणि आपण? आपल्या गटांनी गावोगावच्या मुलींकडून ही चित्रं काढून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

शिबिराच्या शेवटी भित्तिपत्रकं शाळेच्या व्हरांड्यात लावली. ‘यात आई कुठे आहे?’ विचारणाऱ्या मुलीने तयार चित्र घेतलंच नव्हतं. तिने आईला कागदावर काढून, त्याचा फोटो घेऊन पडद्यावर मध्यभागी बसवलं होतं. डोक्यावर पाटी, पाटीत चार पापलेटं. संध्याकाळी बाजारातून परतताना आई ते पाहायला आली. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “माझी पाटी एवढी हलकी कधी असते गो?”

मुलगी पुन्हा संगणकापाशी गेली आणि पाटी भरू लागली.